नोंदणी परदेशी, कारभार मावळात : कंपनीचे वास्तव्य आणि आयकर

१. प्रश्नाचे स्वरूप

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती होय. तिला देह नाही. म्हणून ती कोठे राहते हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. एखादा मनुष्य वर्षातून किती दिवस लोणावळ्यास राहिला हे मोजता येते. कंपनीचे वास्तव्य मात्र कायद्याने ठरवावे लागते. आयकराची आकारणी पुष्कळ अंशी वास्तव्यावर अवलंबून असल्यामुळे हे ठरविण्याची रीत बदलली की कराचा सारा हिशेब बदलतो.

हा प्रश्न आता केवळ मोठ्या भांडवलदारांपुरता उरलेला नाही. लोणावळ्यात किंवा तळेगावात घरी बसून संगणकाच्या साह्याने परदेशी ग्राहकांची कामे करणारा तरुण अमेरिकेतील डेलावेअर राज्यात, सिंगापुरात किंवा दुबईत कंपनी नोंदवू शकतो, आणि त्यासाठी त्याला बहुधा घर सोडावेही लागत नाही. मावळातील हरितगृहांत गुलाब पिकवून निर्यात करणाऱ्या बागायतदारासही विक्रीच्या सोयीसाठी परदेशात कंपनी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा उद्योजकांमध्ये एक समजूत सहज रूढ होते. ती अशी की, कंपनी परदेशी असल्यामुळे तिचा कर परदेशातच द्यावयाचा. भारतात कर लागेल तो केवळ घरी आणलेल्या पैशावर. ही समजूत दोन्ही अंगांनी सदोष आहे. ती सदोष का, आणि तिच्यावर विसंबणाऱ्यास कोणते परिणाम भोगावे लागतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. घाटातील दोन कंपन्या

नोंदणी एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी ही स्थिती मावळास नवी नाही. भोर घाटातून लोहमार्ग नेणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली आणि घाटातील चढणीचा मार्ग १८६३ साली खुला झाला. डोंगर मावळातला, श्रम येथील मजुरांचे आणि वाहतूक या देशातली. परंतु कंपनीचे संचालक मंडळ लंडनमध्ये बसत असे. भागधारकांना पाच टक्के व्याजाची जी हमी होती तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर होता. सरकारने १९०० साली हा मार्ग विकत घेतला, तरी त्याचा कारभार १९२५ पर्यंत कंपनीकडेच राहिला. दादाभाई नौरोजी यांनी या देशातून होणाऱ्या धनाच्या निःसारणाचा जो प्रश्न मांडला, त्याच्या मुळाशी काम एकीकडे आणि लाभ व सत्ता दुसरीकडे अशीच विभागणी होती.

ह्याच परिसरातील दुसरी कंपनी म्हणजे टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस नेऊन वीज निर्माण करण्याच्या ह्या योजनेसाठी प्रथम लंडनमध्ये भांडवल मिळविण्याचा प्रयत्न झाला. तो सफल न झाल्याने भांडवल याच देशात उभारण्यात आले. कंपनी १९१० साली मुंबईत स्थापन झाली आणि १९१५ साली वीजपुरवठा सुरू झाला. हिच्या बाबतीत नोंदणी, निर्णय आणि काम ही तिन्ही एकाच देशात होती; त्यामुळे वास्तव्याचा वादच उद्भवण्याचे कारण नव्हते.

आजच्या उद्योजकाची स्थिती ह्या दोहोंहून निराळी आहे. त्याची नोंदणी परदेशी, पण निर्णय आणि काम ही दोन्ही मावळात. रेल्वे कंपनीचे निर्णय निदान खरोखरच लंडनमध्ये होत असत. येथे मात्र परदेशात असते ती केवळ नोंदणीची पत्रिका आणि टपालाचा पत्ता.

३. न्यायालयांनी शोधलेली कसोटी

कंपनीचे वास्तव्य कोठे मानावे ह्याचा ऊहापोह प्रथम इंग्लंडातील न्यायालयांत झाला, आणि त्यांतील आरंभीच्या एका खटल्याचा संबंध हिंदुस्थानशीच होता. कलकत्ता ज्यूट मिल्स ही कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती. गिरणी मात्र बंगालमध्ये होती. कंपनीने नफ्याचा काही भागच इंग्लंडात पाठविला होता. तरीही संचालक मंडळ लंडनमध्ये बसून कंपनीचे नियंत्रण करीत असल्यामुळे सर्व नफ्यावर इंग्लंडात कर द्यावा लागेल, असा निर्णय १८७६ साली देण्यात आला.

ह्यापुढचे पाऊल १९०६ साली डी बीअर्स कंपनीच्या खटल्यात पडले. ही कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली होती. तिचे मुख्य कार्यालय किंबर्ली येथे होते आणि हिऱ्यांच्या खाणीही तेथेच होत्या. परंतु बहुसंख्य संचालक लंडनमध्ये राहत आणि महत्त्वाचे निर्णय तेथे होत. लॉर्डांच्या सभागृहाने असा निर्णय दिला की, जेथे केंद्रीय व्यवस्थापन आणि नियंत्रण प्रत्यक्षात चालते तेथेच कंपनीचे वास्तव्य होय. नोंदणीची पत्रिका कोणत्या देशाची आहे ह्याला त्यापुढे महत्त्व उरले नाही. लोणावळ्यातून डेलावेअरची कंपनी चालविणाऱ्याची स्थिती ह्या खटल्यातील लंडनच्या संचालकांसारखीच आहे.

सर्व देशांनी मात्र ही कसोटी स्वीकारली नाही. अमेरिकेत नोंदणी हीच निर्णायक मानली जाते. तेथे नोंदलेली कंपनी जगात कोठूनही चालविली तरी ती अमेरिकी कंपनीच राहते. ह्यामुळे एकच कंपनी दोन देशांत एकाच वेळी निवासी ठरण्याचा संभव निर्माण होतो.

४. भारतीय कायद्यातील स्थित्यंतर

हिंदुस्थानात आयकर प्रथम १८६० साली आला. १९२२ च्या कायद्यात १९३९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात, कंपनीचे नियंत्रण आणि व्यवस्थापन ‘पूर्णतः’ ब्रिटिश हिंदुस्थानात असेल तर ती निवासी मानावी, ही एक कसोटी होती. त्या काळी परमुलूख फार दूर नव्हता, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. भोर संस्थानची हद्द घाटमाथ्यापासून जवळ होती आणि किर्लोस्करांचा कारखाना औंध संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा सामान्यतः संस्थानांना लागू नसे.

१९६१ च्या आयकर अधिनियमातही हाच ‘पूर्णतः’ शब्द कायम राहिला. भारतात नोंदलेली कंपनी नेहमीच निवासी ठरे. परदेशी कंपनी मात्र तिचे नियंत्रण वर्षभर पूर्णतः भारतात असेल तरच निवासी ठरे. ह्या एका शब्दामुळे कायद्यात मोठी फट राहिली. वर्षातून संचालकांची एखादी सभा परदेशात घेतली की नियंत्रण पूर्णतः भारतात होते असे म्हणता येत नसे. कारभार येथून चालवावा आणि सभेपुरता परदेश प्रवास करावा, हा मार्ग त्यामुळे सुलभ झाला.

ही फट २०१५ च्या वित्त अधिनियमाने बुजविण्यात आली आणि २०१६ साली तरतुदीस अंतिम रूप मिळाले. आकारणी वर्ष २०१७-१८ पासून, परदेशी कंपनीच्या ‘प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान’ त्या वर्षी भारतात असेल तर ती निवासी ठरते. कंपनीचा एकंदर व्यवसाय चालविण्यास आवश्यक असे व्यवस्थापनविषयक आणि व्यापारविषयक महत्त्वाचे निर्णय वस्तुतः जेथे घेतले जातात, ते हे स्थान होय. ‘वस्तुतः’ ह्या शब्दावर सारा भर आहे. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ घेतो. तथापि हे तत्त्व त्यातही कायम आहे.

५. कसोटी कशी लावली जाते

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी २०१७ मध्ये ह्याविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार प्रथम कंपनीचा व्यवसाय भारताबाहेर खरोखर चालतो काय हे पाहिले जाते. त्यासाठी चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. व्याज, लाभांश, भाडे अशा निष्क्रिय स्वरूपाच्या उत्पन्नाचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून अधिक नसावे. मालमत्तेपैकी निम्म्याहून कमी भारतात असावी. नोकरवर्गापैकी निम्म्याहून कमी लोक भारतात किंवा भारताचे निवासी असावेत. आणि वेतनावरील खर्चापैकी निम्म्याहून कमी अशा नोकरांवर व्हावा. ह्या कसोटीस उतरणाऱ्या कंपनीच्या संचालकांच्या बहुसंख्य सभा परदेशात होत असतील, तर तिचे व्यवस्थापन भारताबाहेर आहे असे गृहीत धरले जाते. मात्र संचालक मंडळ नाममात्र असून खरी सत्ता भारतातील दुसऱ्याच कोणाच्या हाती असेल, तर हे गृहीत टिकत नाही.

लोणावळ्यात एकटा मालक चार सहकाऱ्यांसह काम करीत असेल, तर त्याची कंपनी पहिल्याच पायरीवर अडखळते. तिची माणसे येथली आणि वेतनही येथेच दिले जाणारे. अशा कंपनीच्या बाबतीत मग दोन प्रश्न विचारले जातात. महत्त्वाचे निर्णय कोण घेतो, आणि ते तो कोठे बसून घेतो? निर्णयाची अंमलबजावणी कोठे होते ह्याला गौण स्थान आहे. सभा दूरध्वनीवरून किंवा दृक्‌श्राव्य साधनांनी झाली असल्यास निर्णय घेणारे लोक सामान्यतः कोठे राहतात हे पाहिले जाते. म्हणून ठरावाच्या कागदावर ‘दुबई’ असे लिहिल्याने लोणावळ्यात घेतलेला निर्णय दुबईत घेतला गेला असे होत नाही.

उलट, करदात्याच्या रक्षणाची काळजीही ह्या सूत्रांत घेतलेली आहे. कंपनीचा एखादा संचालक भारतात राहतो, किंवा ती भारतीय कंपनीच्या संपूर्ण मालकीची आहे, एवढ्यावरूनच व्यवस्थापन भारतात आहे असे ठरत नाही. चौकशी आरंभण्यापूर्वी आकारणी अधिकाऱ्यास वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी लागते, आणि कंपनी निवासी आहे हा निष्कर्ष तीन आयुक्तांच्या मंडळाच्या संमतीवाचून काढता येत नाही.

कंपनी निवासी ठरली तर जगातील तिच्या सर्व उत्पन्नावर भारतात कर लागतो. ती डेलावेअरची असल्यास अमेरिकेच्या दृष्टीनेही ती निवासीच राहते. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९८९ च्या दुहेरी करविषयक करारानुसार अशी दोन्ही देशांत निवासी ठरलेली कंपनी काही मोजक्या तरतुदी सोडल्यास कराराच्या कक्षेबाहेर जाते. म्हणजे ज्या कराराच्या भरवशावर परदेशी नोंदणी केली, त्याचेच छत्र ऐन वेळी डोक्यावरून निघून जाते.

६. पन्नास कोटींची मर्यादा आणि स्थायी आस्थापना

येथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल किंवा एकूण प्राप्ती पन्नास कोटी रुपये किंवा त्याहून कमी आहे, तिला प्रभावी व्यवस्थापनाची ही सूत्रे त्या वर्षी लागू होत नाहीत, असे मंडळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले. मावळातून चालणाऱ्या बहुतेक लहान कंपन्या ह्या मर्यादेच्या आत असणार. त्यामुळे, आपल्याला आता भारतात कराची चिंता नाही, असे त्यांच्या मालकांना वाटते. मुख्य चूक होते ती येथेच.

निवासी नसलेल्या कंपनीसही भारतात उद्भवलेल्या उत्पन्नावर कर द्यावा लागतो. तिचा भारताशी व्यावसायिक संबंध असेल, तर येथे केलेल्या कामाच्या प्रमाणात तिचे उत्पन्न भारतात उद्भवले असे मानले जाते. दुहेरी करविषयक करारांच्या भाषेत हीच गोष्ट ‘स्थायी आस्थापना’ ह्या संज्ञेने व्यक्त होते. ज्या निश्चित जागेतून कंपनीचा व्यवसाय चालतो ती जागा म्हणजे तिची स्थायी आस्थापना. ती स्वतःच्या मालकीची किंवा भाड्याची असावी लागत नाही. ती कंपनीच्या उपयोगास खुली असली म्हणजे पुरे. दुबईत नोंदलेल्या हयात इंटरनॅशनल साउथवेस्ट एशिया ह्या कंपनीने, भारतात आपले स्वतःचे कार्यालय नाही, असा युक्तिवाद केला होता. परंतु येथील हॉटेलाच्या कारभारावर तिचे सातत्याने आणि व्यापक नियंत्रण असल्यामुळे ते हॉटेल हीच तिची स्थायी आस्थापना होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी दिला.

लोणावळ्यातील बंगल्याच्या एका खोलीतून जर कंपनीचे सर्व काम वर्षानुवर्षे चालत असेल, तर ती खोली बहुधा तिची स्थायी आस्थापनाच ठरेल. आणि सर्व काम तेथेच होत असल्यामुळे नफ्याचा जवळजवळ सर्व भाग तिच्याकडे वर्ग होईल. निवासी ठरण्यातून कंपनी सुटली तरी कराचा बोजा पुष्कळसा तेवढाच राहतो.

७. एक हिशेब

हे आकड्यांनी पाहणे उद्‌बोधक ठरेल. समजा, अशा एका डेलावेअरच्या कंपनीस वर्षात दोन कोटी रुपये मिळाले, एक कोटी वीस लाख खर्च झाला आणि ऐंशी लाख रुपये नफा राहिला. सर्व नफा लोणावळ्यातील आस्थापनेचा मानला गेला. परदेशी कंपनीवरील कराचा दर पूर्वी चाळीस टक्के होता; आकारणी वर्ष २०२५-२६ पासून तो पस्तीस टक्के आहे. त्यावर चार टक्के उपकर मिळवून हा दर ३६.४ टक्के होतो आणि कर २९.१२ लाख रुपये येतो.

हाच व्यवसाय भारतात नोंदलेल्या कंपनीने केला असता आणि तिने बावीस टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असता, तर दहा टक्के अधिभार आणि चार टक्के उपकर धरून दर २५.१६८ टक्के झाला असता. कर सुमारे २०.१३ लाख रुपये पडला असता. फरक जवळजवळ नऊ लाखांचा आहे. कर वाचविण्यासाठी केलेली नोंदणी अशा रीतीने करात भरच घालते.

याखेरीज अमेरिकेत संघराज्याचा एकवीस टक्के कंपनीकर आहे. भारतात भरलेल्या कराची वजावट तेथे मिळू शकते. पण ती आपोआप मिळत नाही, विवरणपत्रांतून मागावी लागते. परदेशी मालक असलेल्या कंपनीने मालकाशी झालेल्या व्यवहारांची माहिती तेथे न दिल्यास २५,००० डॉलरचा दंड आहे. दुबईची स्थितीही पूर्वीसारखी उरलेली नाही. संयुक्त अरब अमिरातीत १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून ३,७५,००० दिरहॅमवरील नफ्यास नऊ टक्के कर लागू झाला आहे.

८. मालकाची व्यक्तिगत जबाबदारी

कंपनीचा कर हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. मालक स्वतः भारताचा सामान्य निवासी असतो, आणि अशा व्यक्तीच्या जगातील सर्व उत्पन्नावर येथे कर लागतो. कंपनीकडून मिळालेले वेतन आणि लाभांश परदेशातील बँकेतच राहिले, भारतात आणले नाहीत, तरी ते करपात्रच असतात. घरी आणलेल्या पैशावरच कर, ही समजूत येथे कोसळते. परदेशात कापला गेलेला कर विहित नमुना भरून वजा करून घेता येतो.

दुसरे कर्तव्य माहिती देण्याचे आहे. परदेशी कंपनीतील भाग, परदेशातील बँक खाते आणि त्या खात्यावर सही करण्याचा अधिकार ह्यांची नोंद आयकर विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात करावी लागते. ही माहिती आर्थिक वर्षाची नसून ३१ डिसेंबर रोजी संपणाऱ्या वर्षाची असते. उत्पन्न शून्य असले तरी ही नोंद चुकत नाही. ती न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या अधिनियमान्वये दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळून अशा मालमत्तेचे एकूण मूल्य वीस लाखांपर्यंत असल्यास १ ऑक्टोबर २०२४ पासून ह्या दंडातून सूट आहे. दडविलेल्या परदेशी उत्पन्नावर मात्र तीस टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड अशी तरतूद असून, हेतुपुरस्सर करचुकवेगिरीस सक्तमजुरीची शिक्षा आहे. अनेक देशांच्या बँका खातेदारांची माहिती दरवर्षी परस्परांच्या सरकारांकडे पोहोचवीत असल्यामुळे, परदेशातील खाते कोणाच्या दृष्टीस पडणार नाही ही आशा व्यर्थ आहे.

तिसरे कर्तव्य परकीय चलनाच्या कायद्याचे. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार निवासी व्यक्ती परदेशी कंपनीत गुंतवणूक करू शकते. परंतु एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत आणि बँकेमार्फत. पैसा पाठविण्यापूर्वी गुंतवणुकीचा विशिष्ट क्रमांक घ्यावा लागतो. व्यक्तीच्या नियंत्रणाखालील अशा कंपनीस वित्तीय सेवांचा व्यवसाय करता येत नाही किंवा तिच्याखाली आणखी उपकंपनी काढता येत नाही. कंपनीच्या कामगिरीचा अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यावयाचा असतो. शिवाय भारतात व्यवसायाची जागा असलेल्या परदेशी कंपनीने तीस दिवसांच्या आत येथील कंपनी निबंधकाकडे कागदपत्रे दाखल करावीत, असे कंपनी अधिनियम, २०१३ सांगतो. संगणकाच्या माध्यमातून चालणारा व्यवसायही ह्या व्याख्येत येतो.

९. निष्कर्ष

परदेशी कंपनी काढणे हा अपराध नव्हे. परदेशी गुंतवणूकदारांचे भांडवल हवे असेल, किंवा ग्राहकांस आपल्याच देशातील कंपनीशी करार करावयाचा असेल, तर तिचा खरा उपयोग होतो. अशा वेळी दोन सरळ मार्ग उपलब्ध आहेत. पहिला, परदेशी कंपनीस तेथील माणसे, तेथील कार्यालय आणि स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेणारे संचालक खरोखर द्यावेत. दुसरा, काम भारतीय कंपनीने करावे, परदेशी कंपनीने केवळ विक्री पाहावी, आणि दोघींतील व्यवहार परक्या व्यापाऱ्यांत ज्या भावाने झाले असते त्याच भावाने करावेत. मावळातील लहान उद्योजकास बहुधा आरंभी भारतीय कंपनीच पुरेशी ठरते, आणि वरील हिशेबावरून दिसते त्याप्रमाणे ती स्वस्तही पडते. जो परदेशी कंपनी चालवीलच त्याने सभांचे वृत्तांत, निर्णयांची टिपणे आणि प्रवासाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. वाद उत्पन्न झाल्यास निर्णय कोठे झाला हे त्यांवरूनच सिद्ध करावे लागते.

दीड शतकापूर्वी मावळात काम होई आणि निर्णय लंडनमध्ये होत. आज मावळातील घरात बसून निर्णय होतात आणि नोंदणी परदेशात असते. दोन्ही प्रसंगी कायद्याने शोधलेली वस्तू एकच आहे : व्यवसायाची सूत्रे ज्याच्या हाती आहेत तो कोठे बसला आहे. रस्ते, वीज, शिक्षण आणि सुरक्षितता त्याला ज्या समाजाने दिली, त्या समाजाचा त्याच्या नफ्यात वाटा असावा, हे ह्या सर्व तरतुदींमागील तत्त्व होय. ते ध्यानात ठेवणाऱ्यास कलमांचे आकडे आणि कायद्यांची नावे बदलली तरी आपले कर्तव्य ओळखणे कठीण जाणार नाही.